लेबनीज उपाहारगृहात जेवायला जाण्यापूर्वी : कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शावर्मा कोल्हापूरला आता नवा राहिलेला नाही. मात्र टेबलाशी बसून, चार जणांनी मिळून लेबनीज जेवण मागवायचे म्हटले की मेनूकार्डवरची नावे वाचून अनेकांचा गोंधळ उडतो आणि शेवटी ओळखीचा म्हणून पुन्हा शावर्माच मागवला जातो. पुढील उत्तरे हा गोंधळ कमी व्हावा म्हणून लिहिली आहेत. ती कोणत्याही एका उपाहारगृहाविषयी नाहीत. बेताच्या खर्चात सहकुटुंब जाता येईल अशा कोणत्याही साध्या लेबनीज उपाहारगृहात ती उपयोगी पडतील.

लेबनीज जेवण म्हणजे नेमके कुठले जेवण?

लेबनॉन हा भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचा छोटा देश आहे. त्याचे क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या ७,६८५ चौरस किलोमीटरच्या कोल्हापूर जिल्ह्याच्या दीडपटही नाही. एवढ्याशा जागेत मासळीचा किनारा, बर्फ पडणारे डोंगर आणि धान्य, भाजीपाला व द्राक्षे पिकवणारे बेक्काचे खोरे असे तिन्ही प्रकार असल्यामुळे तिथल्या स्वयंपाकात ताज्या भाज्या, कडधान्ये, दही, ऑलिव्हचे तेल आणि लिंबू यांना मांसाइतकेच, कित्येकदा मांसाहूनही अधिक महत्त्व मिळाले. हा प्रदेश १५१६ पासून सुमारे चारशे वर्षे ऑटोमन तुर्कांच्या सत्तेखाली होता आणि १९४३ मध्ये फ्रेंच अंमलातून स्वतंत्र झाला. त्यामुळे यातले बरेच पदार्थ सीरिया, पॅलेस्टाइन, जॉर्डन आणि तुर्कस्तानातही थोड्याफार फरकाने होतात. मालकीवरून भांडणेही होतात. हमस, म्हणजे काबुली हरभऱ्यांचे मऊ वाटण, आमचाच, हे ठसवण्यासाठी लेबनॉनच्या आचाऱ्यांनी २०१० मध्ये तब्बल १०,४५२ किलो हमस करून विक्रम नोंदवला. हा आकडा देशाच्या क्षेत्रफळावरूनच घेतला होता, हे सुज्ञ वाचकाच्या लक्षात आले असेल.

पाटीवर ‘लेबनीज’ लिहिलेले असते, पण मेनूकार्डात मंदी, अल्फहाम आणि पेरी पेरी दिसते. हे सारे लेबनीजच का?

नाही. मंदी हा भात मूळचा येमेनचा, कब्सा सौदी अरेबियाचा, अल्फहाम ही निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी आखाती देशांतून केरळमार्गे आपल्याकडे लोकप्रिय झालेली, तर पेरी पेरीचा अरब जगाशी काही संबंध नाही. असे मिश्र मेनूकार्ड असणे हा गुन्हा नव्हे, कारण एकट्या लेबनीज पदार्थांवर धंदा चालवणे मोठ्या शहरांबाहेर अवघड जाते. परंतु लेबनीज जेवण अनुभवायचे असेल तर मेनूकार्डावर मेझे, हमस, तब्बुले, फत्तूश, किब्बे, लबने, शिश ताऊक, कफ्ता ही नावे शोधावीत. यांपैकी चार-पाचही नावे नसतील, तर तिथे जे बरे मिळते ते खावे आणि त्यावरून लेबनीज जेवणाविषयी मत बनवू नये.

जेवण तिखट असते का? नसल्यास वरून तिखट मागावे का?

तांबड्या रश्श्याच्या आणि कटाच्या सवयीने वाढलेल्या जिभेला हे जेवण पहिल्या दोन घासांत सपक वाटण्याचा संभव आहे, हे आधीच सांगितलेले बरे. लेबनीज स्वयंपाकाचा भर मिरचीवर नाही. लिंबाचा आंबटपणा, कच्च्या लसणाचा झटका, तिळाचा किंचित कडवट स्निग्धपणा, पुदिना व पार्सलीचा हिरवा वास आणि निखाऱ्याचा धूर यांतून त्याची चव उभी राहते. मसालेही असतात, मिरी, दालचिनी, लवंग, जायफळ, धणे यांसारख्या जिनसांचे ‘सात मसाले’ नावाचे मिश्रण मांसाच्या पदार्थांत पडते. पण ते मागून ऐकू येणाऱ्या सुरासारखे असते, पुढे येऊन बोलत नाही. त्याशिवाय सुमाक नावाच्या फळांची गडद लालसर, आंबट पूड अनेक पदार्थांवर भुरभुरवलेली दिसेल. रंगामुळे ती मिरचीपूड वाटते, प्रत्यक्षात ती आमसुलाच्या अंगाने आंबट असते.

ज्यांना तिखटाशिवाय जेवण पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही, त्यांनी ‘बटाटा हर्रा’ मागवावा. तळलेल्या बटाट्याच्या फोडी लसूण, कोथिंबीर आणि लाल मिरचीत परतून केलेला हा पदार्थ मुळातच तिखट असतो. शत्ता नावाची मिरचीची चटणीही बहुतेक ठिकाणी मागितल्यावर मिळते. मात्र शेजवान चटणी किंवा टोमॅटो केचअप मागवून हमसवर ओतणे टाळावे. पैसे आपले असले तरी मग त्या ताटात हमसचे काही उरत नाही.

मेझे म्हणजे काय? चार जणांसाठी किती पदार्थ मागवावेत?

मेझे म्हणजे जेवणाच्या आरंभी टेबलावर एकदम मांडले जाणारे लहान बशांतले अनेक पदार्थ. काही थंड असतात, काही गरम, आणि सोबत ब्रेड असतो. पंजाबी हॉटेलातल्या ‘स्टार्टर’प्रमाणे ते संपवून मग खऱ्या जेवणाकडे वळायचे, अशी त्यांची योजना नसते, लेबनॉनमध्ये घरोघरी आणि उपाहारगृहांत मेझे हेच अनेकदा संपूर्ण जेवण असते आणि ते गप्पा मारत दोन-दोन तास चालते.

आपल्याकडे होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रत्येकाने स्वतःसाठी एकेक पदार्थ मागवणे. एकाने हमस, दुसऱ्याने फलाफल, तिसऱ्याने कबाब असे मागवले की पहिल्याला फक्त वाटलेले हरभरे आणि तिसऱ्याला फक्त कोरडे मांस खावे लागते, आणि सगळेच नाराज होतात. चार जणांनी मिळून दोन थंड पदार्थ (समजा हमस आणि भाजलेल्या वांग्याचे मुतब्बल), एक कोशिंबीर, एखादा तळलेला पदार्थ आणि तूम, म्हणजे लसणाची लोण्यासारखी पांढरी चटणी, अशी सुरुवात करावी. ते निम्मे संपल्यावर मग भाजलेल्या मांसाचे एक मिश्र ताट आणि शेवया घातलेला साधा भात मागवावा. सगळे एकदम मागवल्यास साध्या उपाहारगृहात सगळे एकदमच येते आणि कबाब गार होतात. म्हणून टप्प्याटप्प्याने मागवणे उत्तम. ब्रेड किती वेळा मोफत मिळतो, हे आधी विचारून घ्यावे, कारण या जेवणात ब्रेड अंदाजापेक्षा जास्त लागतो.

एकाच बशीत सगळ्यांनी ब्रेड बुडवायचा म्हणजे ते उष्टे होत नाही का?

हा प्रश्न ज्येष्ठ मंडळी हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. लेबनॉनमध्ये घरच्या माणसांत एकाच बशीतून खाण्याची रीत आहे, पण प्रत्येक वेळी ब्रेडचा नवा तुकडा तोडून एकदाच बुडवायचा, अर्धा खाल्लेला तुकडा पुन्हा बशीत घालायचा नाही, ही शिस्त तिथेही पाळली जाते. आपल्याला तेही नको असेल तर प्रत्येक बशीसाठी वेगळा चमचा मागून घ्यावा आणि आपापल्या ताटलीत वाढून घ्यावे. त्यात काही अशिष्ट नाही, आणि सासर-माहेरची मंडळी एकत्र जेवायला असतील तर हेच सोयीचे.

ब्रेड हाताने खावा की काटा-चमच्याने?

हाताने. भाकरी मोडून कालवणाला लावणाऱ्यांना हे शिकवावे लागत नाही. पोकळ, मऊ पिटा ब्रेडचा तुकडा तोडून त्याची पन्हाळ करावी आणि तिने पदार्थ उचलावा. ब्रेड गरम आणि फुगलेला यावा. कडा वाळलेला, पाकिटातून काढून नुसता शेकलेला ब्रेड आल्यास तसे सांगून बदलून मागावा. याच कणकेवर ऑलिव्हचे तेल आणि झातर, म्हणजे ओरेगॅनोच्या जातीच्या रानटी वनस्पतीची वाळलेली पाने, तीळ व सुमाक यांचे मिश्रण, पसरून भट्टीत भाजले की मनाकिश होतो. लेबनॉनमध्ये तो सकाळचा नाश्ता आहे आणि २०२३ मध्ये युनेस्कोने या परंपरेचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. आपल्याकडे तो दिवसभर मिळतो. झातरचा मनाकिश शाकाहारी मंडळींनी अवश्य मागवावा.

हमस चांगला आहे की नाही, हे कसे ओळखावे?

काबुली हरभरे, ताहिनी म्हणजे तिळाची पातळ पेस्ट, लिंबाचा रस, लसूण आणि मीठ एवढ्याच जिनसा असल्यामुळे हमसमध्ये लपायला जागा नसते. हरभरे रात्रभर भिजवून, बोटांत दाबल्यावर विरघळावेत इतके मऊ शिजवले तरच वाटण गुळगुळीत होते. काही आचारी त्यासाठी शिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात आणि वाटताना बर्फाचे पाणी वापरतात. चांगला हमस फिकट, मऊ आणि हलका असतो. तो जिभेवर रवाळ लागला तर हरभरे कच्चे राहिले आहेत. नुसत्या डाळीचा वास आला तर ताहिनीत काटकसर झाली आहे. आंबट वास तीव्र आला आणि बशीच्या कडेला तो वाळलेला दिसला तर तो शिळा आहे, आणि तो परत पाठवण्यात संकोच करू नये. फ्रीजमधून काढलेला गारठलेला हमस चव देत नाही. तो साधारण खोलीच्या तापमानाला, मधल्या खळग्यात ऑलिव्हचे तेल घालून यायला हवा.

नव्या उपाहारगृहात पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आधी फक्त हमस, ब्रेड आणि तूम मागवून पाहावे. या तिन्ही गोष्टी जमलेल्या असतील तर पुढचे जेवण सहसा निराश करत नाही.

बाबा गनूश आणि मुतब्बल यांत फरक काय?

दोन्हींत वांगे थेट आचेवर सालासकट भाजतात. मुतब्बलमध्ये त्या गरात ताहिनी, लसूण आणि लिंबू मिसळतात. लेबनॉनमधल्या बाबा गनूशमध्ये ताहिनी बहुधा नसते. टोमॅटो, कांदा, पार्सली आणि डाळिंबाचा आटवलेला रस असतो. भारतातल्या मेनूकार्डांवर ही नावे सर्रास उलटसुलट छापली जातात, म्हणून ताहिनी आहे का एवढे विचारले की पुरे. वांग्याच्या भरताची आवड असलेल्यांना दोन्ही रुचतात.

तब्बुले आणि फत्तूश या कोशिंबिरींत काय मागवावे?

तब्बुलेमध्ये बारीक चिरलेली पार्सली मुख्य असते आणि बुलगुर, म्हणजे उकडून, वाळवून भरडलेला गहू, नावापुरता असतो. आपल्याकडे हे प्रमाण अनेकदा उलटे होते: मूठभर पाने आणि वाटीभर गहू. शिवाय बुलगुर आधीच उकडलेला असल्यामुळे तो नुसता भिजवून चालतो. त्याऐवजी साधा दलिया भिजवून घातला तर तो दाताखाली कच्चा लागतो. पार्सली महाग आणि बेभरवशाची म्हणून तिच्या जागी कोथिंबीरही घातली जाते. ती वाईट लागते असे नाही, पण तब्बुलेचा मोकळा, गवती सुवास तिच्यात नाही. हे सारे लक्षात घेता, आपल्या भागात फत्तूश मागवणे अधिक सुरक्षित. काकडी, टोमॅटो, मुळा, पुदिना आणि वर तळलेल्या किंवा भाजलेल्या ब्रेडचे कुरकुरीत तुकडे व सुमाक यांतले सर्व काही, सुमाक सोडल्यास, इथल्या भाजी मंडईत रोज ताजे मिळते. फत्तूश आल्याआल्या खावा. ब्रेड मऊ पडला की त्याची मजा गेली.

शाकाहारी माणसाला पोटभर जेवता येईल का?

अगदी आरामात, आणि दरवेळी पनीर न खाता. लेबनॉनमधल्या ख्रिस्ती समाजात ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात मांस वर्ज्य करण्याची परंपरा असल्यामुळे तिथे भाज्या आणि कडधान्ये यांचे, केवळ ऑलिव्हच्या तेलात शिजवलेले पदार्थ मोठ्या संख्येने तयार झाले. आख्खा मसूर आणि तांदूळ एकत्र शिजवून वर खरपूस तळलेला कांदा घातलेला मुजद्दरा हा त्यांतला सर्वांत समाधान देणारा पदार्थ आहे. तो मेनूकार्डावर दिसल्यास सोडू नये. तेलात मुरवलेली श्रावणघेवड्याची भाजी, फलाफल, तांदूळ भरलेली द्राक्षाची पाने, पालक भरलेले त्रिकोणी फतायर हेही आहेत. लबने म्हणजे मीठ घालून टांगलेले दही, अर्थात आपला चक्काच. फक्त तो साखरेऐवजी ऑलिव्हचे तेल, पुदिना आणि झातर घालून खातात.

काही बाबी मात्र विचारून घ्याव्यात. द्राक्षाच्या पानांत खिमाही भरतात, मसुराच्या सूपसाठी कोंबडीचा अर्क वापरला जाऊ शकतो, आणि फलाफल व मांसाचे पदार्थ एकाच कढईतल्या तेलात तळले जातात का, हा प्रश्न श्रावणात किंवा गुरुवारी जाणाऱ्यांसाठी महत्त्वाचा असतो. एकादशी-चतुर्थीच्या उपवासाला चालेल असे या मेनूकार्डात फारसे काही सापडणार नाही, तेव्हा तो बेत दुसऱ्या दिवशी ठेवावा.

जैन भोजन मिळते का?

अडचण आहे, पण मार्गही आहे. हमस लसणाविना करता येतो, मात्र तो सकाळीच मोठ्या प्रमाणावर वाटून ठेवलेला असल्याने आयत्या वेळी मागून उपयोग होत नाही. दुपारी दूरध्वनी करून सांगितल्यास पुष्कळ ठिकाणी वेगळा काढून देतात. फलाफलच्या वाटणात कांदा-लसूण असतोच आणि तूम तर सगळी लसणाचीच. लबने, झातरचा मनाकिश, कांदा व मुळा वगळलेला फत्तूश आणि ऑलिव्ह यांवर हलके जेवण होऊ शकते. चौविहार पाळणाऱ्यांनी, म्हणजे सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्यांनी, संध्याकाळी उपाहारगृह किती वाजता उघडते याची आधी चौकशी करावी, कारण अनेक ठिकाणी भट्टी सातनंतरच पेटते.

फलाफल मागवताना काय पाहावे?

आधी ते गरम असावे. भिजवलेले, पण न शिजवलेले हरभरे हिरव्या पानांसह भरडून ते तळतात. मोडल्यावर आत हिरवट आणि मोकळे दिसायला हवे. त्यासोबत हमसपेक्षा ताहिनी व लिंबाचे पातळ तरातोर अधिक जमते.

मटणाचे पदार्थ कोल्हापूरकरांना आवडतील का?

मटणाच्या बाबतीत या शहराचे मत कडक असते, म्हणून स्पष्ट लिहिणे भाग आहे. लेबनॉनमध्ये मुख्यतः कोवळ्या मेंढीचे मांस वापरतात, त्यात चरबी अधिक असते. आपल्याकडच्या उपाहारगृहांत ते बहुधा बोकडाचे असते आणि बोकडाचे मांस निखाऱ्यावर लवकर कोरडे पडते. म्हणून अखंड तुकड्यांच्या कबाबापेक्षा खिम्याचे पदार्थ मागवावेत. कांदा, पार्सली आणि मसाले घालून सळईवर थापलेला कफ्ता, तसेच बुलगुर आणि वाटलेल्या मांसाच्या आवरणात खिमा भरून तळलेले किब्बे हे दोन्ही बोकडाच्या मांसातही उत्तम होतात. किब्बे हा लेबनॉनचा राष्ट्रीय पदार्थ मानला जातो. त्याचा कच्च्या मांसाचा प्रकार तिथे आवडीने खाल्ला जातो, तो आपल्याकडे कोणी देऊ केला तरी घेऊ नये. रस्सा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. हे कोरड्या भाजलेल्या मांसाचे जेवण आहे, आणि ओलावा हमस, दही व तूम यांनी आणायचा असतो. कोंबडी आवडणाऱ्यांसाठी दही, लिंबू व लसणात मुरवलेले शिश ताऊक हा निर्धोक पर्याय आहे.

गाडीवरचा शावर्मा आणि लेबनीज उपाहारगृहातला शावर्मा यांत काय फरक असतो?

मुरवलेल्या मांसाचे पातळ काप उभ्या सळईवर एकावर एक रचून, ती आचेसमोर फिरवत, भाजलेला बाहेरचा थर सुरीने तासून घ्यायचा, ही पद्धत दोन्हीकडे सारखीच आहे आणि तिचे मूळ ऑटोमन काळातल्या तुर्कस्तानात आहे. फरक आतल्या भरणात असतो. आपल्याकडे कोबी आणि भरपूर मेयोनेज घालतात. लेबनीज रीतीने कोंबडीच्या शावर्म्यात तूम, लोणच्यातली काकडी आणि कधी बटाट्याचे तळलेले काप असतात, तर मेंढीच्या शावर्म्यात तरातोर, पार्सली-कांदा आणि बिटाने गुलाबी झालेले सलगमाचे लोणचे असते. गुंडाळलेला शावर्मा शेवटी तव्यावर दाबून शेकतात.

शावर्मा खाणे सुरक्षित आहे का?

योग्य रीतीने केलेला असेल तर आहे. मात्र या पदार्थात निष्काळजीपणा महागात पडतो, हे केरळमधल्या कासरगोड जिल्ह्यात मे २०२२ मध्ये दिसले. तिथे शावर्मा खाल्ल्यानंतर अनेक जण आजारी पडले आणि एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. धोका कशामुळे निर्माण होतो, हे समजून घेतल्यास सावध राहणे सोपे जाते. सळईवरचे मांस बाहेरून भाजत जाते, आतला भाग बराच वेळ कोमट राहतो, आणि कोमट मांसात जिवाणू झपाट्याने वाढतात. गर्दीच्या वेळी घाईघाईने खोलवर तासले तर न शिजलेला भाग रोलमध्ये येतो. गिऱ्हाईक नसताना आच बंद करून पुन्हा पेटवली तरी तोच परिणाम होतो. कोंबडीचे मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोहोचणे आवश्यक असते, म्हणून जाणते आचारी तासलेले काप तव्यावर पुन्हा परतून मगच ब्रेडमध्ये भरतात.

गिऱ्हाईक म्हणून पाहायच्या गोष्टी डोळ्यांना दिसणाऱ्याच आहेत. सळई फिरती आणि आच पेटलेली असावी. मांसाचा गुलाबी भाग तासला जात नसावा. काप तव्यावर परतून देण्यास सांगावे: ‘दादा, जरा तव्यावर परतून द्या’ एवढे म्हणणे पुरेसे असते आणि त्याचा कोणी राग मानत नाही. रात्री उशिरा, सळईवर थोडेच मांस उरलेले असताना दुसरे काही मागवावे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक दर्शनी भागात लावलेला असणे बंधनकारक आहे, तोही पाहावा.

तूम आणि मेयोनेज एकच का?

दिसायला सारखी, घडणीने वेगळी. खऱ्या तूममध्ये अंडे नसतेच. लसूण आणि मीठ वाटून त्यात साधे, वास नसलेले तेल आणि लिंबाचा रस थेंबाथेंबाने घोटत गेले की लोण्यासारखी पांढरी तूम तयार होते. हे काम वेळखाऊ आहे, म्हणून पुष्कळ ठिकाणी मेयोनेजमध्ये लसूण मिसळून तिला तूम म्हणतात. कच्च्या अंड्याच्या मेयोनेजमुळे विषबाधेचा धोका असल्याने २०२४ मध्ये तेलंगणाने आणि २०२५ मध्ये तमिळनाडूने त्यावर एक वर्षाची बंदी घातली होती. त्यामुळे अंडे न खाणाऱ्यांनीच नव्हे, तर सर्वांनीच तूम कशाची आहे हे विचारावे. अस्सल तूमला लसणाचा सणसणीत वास असतो आणि तो दुसऱ्या दिवसापर्यंत तोंडात राहतो. महत्त्वाच्या बैठकीच्या आदल्या रात्री हे लक्षात ठेवावे.

मांस हलाल असते का?

बहुसंख्य लेबनीज उपाहारगृहांत हलाल मांस वापरले जाते. ज्यांना ते हवे आहे किंवा नको आहे, त्यांनी मागवण्यापूर्वी विचारावे; सरळ उत्तर मिळते.

लहान मुले आणि ज्येष्ठ यांच्यासाठी काय मागवावे?

तिखट नसल्यामुळे मुलांची फारशी अडचण होत नाही. शिश ताऊक, बटाट्याचे तळलेले काप, शेवयांचा भात आणि हमस त्यांना आवडतो. ज्येष्ठांसाठी मसुराचे सूप सर्वांत योग्य. त्यात जिरे व लिंबू असते, ते पचायला हलके असते आणि दातांची तक्रार असणाऱ्यांना ब्रेड त्यात भिजवून खाता येतो. तूम मुलांना बेतानेच द्यावी.

ॲलर्जी असल्यास काय काळजी घ्यावी?

या जेवणात तीळ सर्वत्र असतो. हमस, मुतब्बल, तरातोर, झातर, कित्येकदा ब्रेडवरही. वेष्टनावर ठळकपणे नोंदवणे बंधनकारक असलेल्या ॲलर्जीकारक घटकांच्या भारतातील यादीत गहू, दूध, अंडी, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन यांची नोंद आहे, तिळाची नाही. म्हणून मेनूकार्डावर इशारा नाही याचा अर्थ पदार्थात तीळ नाही असा घेऊ नये. तिळाची ॲलर्जी असणाऱ्यांनी जाण्यापूर्वीच आचाऱ्याशी बोलावे. गव्हाची अडचण असणाऱ्यांनी ब्रेडबरोबरच तब्बुले, किब्बे आणि फत्तूश हेही वगळावेत. फलाफलात काही जण पीठ घालतात.

सोबत काय प्यावे?

पुदिना वाटून घातलेले लिंबू सरबत सर्वाधिक जमते. ऐरान हे खारट, पातळ ताक कबाबांबरोबर चांगले लागते. द्राक्षाची काकवी, खजूर आणि गुलाबपाणी यांचे जल्लाब मिळाल्यास एकच मागवून वाटून घ्यावे, ते फार गोड असते.

गोडामध्ये बकलावा घ्यावा की कुनाफा?

बकलावा बहुधा बाहेरून मागवलेला असतो, त्यामुळे तो सगळीकडे साधारण सारखाच लागतो. कुनाफा जागेवर केला जात असेल तरच मागवावा: सुतासारख्या शेवयांच्या थरात चीज, वर पाक आणि पिस्ता. तो गरम असतानाच खायचा असतो. गार झाला की चीज चिवट होते. लेबनॉनमध्ये तो तीळ लावलेल्या पावात भरून सकाळच्या न्याहारीलाही खातात. ज्यांना हलके हवे त्यांनी दूध, कॉर्नफ्लोअर आणि गुलाबपाण्याची मुहल्लबिया घ्यावी. गुलाबपाणी जास्त झाले की अत्तराचा भास होतो, आणि आपल्याकडे ते बऱ्याचदा जास्तच होते.

आगाऊ जागा राखून ठेवावी लागते का?

रविवारी संध्याकाळी आणि सहापेक्षा अधिक माणसे असतील तेव्हा ठेवावी. बुधवार, शुक्रवारी मांसाहारी पदार्थांना मागणी जास्त असते, त्यामुळे त्या दिवशी माल ताजा मिळण्याची शक्यताही अधिक. नवरात्रात आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दिवसांत शहरात वाहन लावणे हेच मोठे काम होऊन बसते. त्या काळात महाद्वार रोडच्या परिसरापासून दूरचे ठिकाण निवडावे.

उरलेले पदार्थ घरी नेता येतात का?

हमस आणि मुतब्बल झाकून फ्रीजमध्ये ठेवल्यास दुसऱ्या दिवशी चालतात. फत्तूश नेऊ नये. भाजलेले मांस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवे आणि खाण्यापूर्वी वाफ येईपर्यंत गरम करायला हवे. शावर्म्याचा उरलेला रोल, त्यातही मेयोनेज घातलेला, दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. घरी नेण्यासाठीच मागवत असाल तर तूम आणि लोणची वेगळ्या डब्यांत द्यायला सांगावे.

बिलात सेवा शुल्क लावले तर ते द्यावेच लागते का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपाहारगृहाला सेवा शुल्क आपोआप बिलात जोडता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना वैध ठरवल्या. ते वगळून बिल द्या, असे शांतपणे सांगावे. वस्तू व सेवा कर ही वेगळी बाब आहे. साध्या उपाहारगृहात तो पाच टक्के असतो आणि द्यावाच लागतो. सेवा शुल्क काढण्यास नकार मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. वाढपी मंडळींना स्वखुशीने काही द्यायचे असेल तर ते रोख त्यांच्या हातात द्यावे.